इंजिन मी जाळलं

डॉक्टरांचं काळं इंजिन माझ्या दुकानात काम करणाऱ्या बाईने जाळलं, असं जव्हारात आणि मोखाड्यात अजून काही लोक समजतात. ते मी जाळलं. एवढं एक वाक्य बोलायला मला चार महिने लागले.

माझं दुकान जव्हारच्या बाजाराच्या खालच्या अंगाला आहे. पंप, मिक्सर, गिरणीच्या मोटरी रिवाइंड करून देणं, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळणं, हा धंदा. वडिलांनी सुरू केला, सोळाव्या वर्षी मी त्यांच्या शेजारी बसलो आणि पन्नाशी ओलांडली तरी तिथेच आहे. मला फार बोलता येत नाही. गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ आणि ‘झालं’ एवढं बोललं की दिवस निघतो. न बोलण्याचं लोक कौतुक करतात, माणूस सरळ आहे म्हणतात. मीही तसंच समजत होतो.

ती दुकानात कामाला आली तेव्हा तिशीची असेल. सूर्यमाळच्या एका पाड्यावरची. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं वाड्याच्या बाजूला एका कारखान्यात कॉइल गुंडाळायची. तो कारखाना बंद पडला आणि ती घरी आली. केसाएवढी तार तिच्या बोटांत तुटत नसे. माझ्या हातात ती तुटायची, पण हे मी कुणाला सांगत नव्हतो. ती मला दादा म्हणायची आणि अरे-तुरे करायची. तिच्या बोलीत सगळ्यांनाच तू. तहसीलदार आला तरी तू.

आमच्याकडे दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. भात आणि नागली घरात आली की माणसं बिऱ्हाड बांधून भिवंडीकडे, ठाण्याकडे, वीटभट्ट्यांवर जातात, ती होळीला परत येतात. ह्याला इथे ‘जगायला जाणं’ म्हणतात. तिचा नवरा दर साल जायचा. ती दोन वर्षं गेली नव्हती, कारण माझ्याकडे काम होतं, आणि ती इथे असल्यामुळे तिची धाकटी मुलगी शाळेत टिकली होती. पण मिक्सर बिघडला की लोक आता नवा आणतात. गणपतीतच मी तिला सांगितलं होतं की दिवाळीनंतर दोघांपुरतं काम निघेल असं वाटत नाही. ती म्हणाली, बघू. नवऱ्याने मात्र मुकादमाला दोघांची नावं सांगून ठेवली.

त्याच आठवड्यात डॉक्टर दुकानात आले. तीस वर्षं त्यांनी मोखाड्यात दवाखाना चालवला आणि म्हातारपणी जव्हारला, शिरपामाळच्या रस्त्याला घर बांधलं. घराच्या मागच्या खोलीत त्यांची आगगाडी आहे. आमच्या दोन्ही तालुक्यांत रूळ नाहीत, गाडी बघायची तर कसारा नाहीतर डहाणू गाठावं लागतं. पण डॉक्टरांच्या खोलीत कमरेएवढ्या उंच टेबलावर रूळ, बोगदा, दोन स्टेशनं आणि प्लास्टरचा एक घाट आहे. अकरा इंजिनं, वीतभर लांबीची, परदेशी बनावटीची, एकेक करून कितीतरी वर्षांत जमवलेली. त्यातलं काळं वाफेचं इंजिन सर्वांत जुनं. ते त्यांनी कधीकाळी दवाखान्यातच ठेवलं होतं. सुई टोचलेलं पोर रडायला लागलं की डॉक्टर टेबलावरच्या गोल रुळावर ते फिरवून दाखवायचे. मोखाड्याच्या बाजूला आज चाळिशीत असलेल्या कितीतरी माणसांनी पहिली आगगाडी पाहिली ती तीच. ‘डॉक्टरचा इंजिन’ म्हटलं की पाड्यापाड्यावर कळतं.

डॉक्टरांचे हात आता थरथरत होते. जुन्या पद्धतीत रुळात सोडलेली वीज एका गोल बटणाने कमीजास्त करायची. बटण थरथरलं की गाडी थरथरते, आणि एका रुळावर दोन इंजिनं उभी केली तर दोन्ही एकदम पळतात. नव्या पद्धतीत प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी एक चकती बसवतात, डिकोडर. त्या इंजिनाला नंबर मिळतो. हातातल्या यंत्रावर नंबर दाबला की तेवढंच इंजिन ऐकतं, बाकीची उभी राहतात. थरथरत्या हाताला बटण दाबता येतं. डॉक्टरांच्या भाच्याने डिकोडर आणून दिले होते, पण ते बसवणार कोण? मोटरवाला म्हणून ते माझ्याकडे आले.

जुन्या इंजिनात अडचण अशी की मोटरला वीज देणारा एक कार्बन थेट लोखंडी सांगाड्याला टेकलेला असतो, कारण रुळातली वीज सांगाड्यातूनच मोटरकडे जाते. डिकोडर बसवायचा तर आधी मोटर सांगाड्यापासून पूर्ण तोडायची. कुठे एक केसभर जरी ती सांगाड्याला लागली तरी डिकोडर जळतो. ते काम मी करायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी एक बारीक स्प्रिंग उडवून हरवली. तिने ती फरशीच्या फटीतून सुईने काढली, मला बाजूला सारलं आणि काम स्वतःकडे घेतलं. कार्बनच्या स्प्रिंगवर चढवायला तिने सर्वांत बारीक स्लीव्ह, वीज अडवणारी नळी, निवडली, खाली आपल्या रिवाइंडिंगच्या कागदाची चकती कापून घातली, मीटर लावून चार-चार वेळा बघितलं आणि मगच तारा जोडल्या. नारिंगी आणि करडी मोटरला, लाल आणि काळी रुळाच्या बाजूला. दोन इंजिनं तिने अशी केली. दोन्ही गोगलगायीसारखी हळू चालली. डॉक्टर कितीतरी वेळ बोगद्याच्या तोंडाशी वाकून बसले होते.

त्या दिवशी ते मला म्हणाले, तुमच्या दुकानात हिच्याइतका हात कुणाचा नाही, तुम्हीही मान्य कराल. मी हो म्हणालो. मग त्यांनी डायरी काढून तिचा फोन नंबर लिहून घेतला. नाशिकला, मुंबईला, पुण्याला त्यांचे ह्याच छंदातले मित्र आहेत, प्रत्येकाकडे कपाटभर जुनी इंजिनं पडून आहेत आणि असं काम करणारं माणूस कुणाला मिळत नाही, असं ते म्हणाले. दिवाळीआधीच्या रविवारी त्यांतले तिघे येणार होते. काळं इंजिन त्यांच्यासमोर चाललं की प्रत्येक जण आपली इंजिनं तिच्याकडे पाठवणार होता. वर्षा-दोन वर्षांचं काम. घरी बसून केलं तरी चालणार होतं. म्हणजे रविवारी इंजिन चाललं असतं तर तिला जगायला जावं लागलं नसतं. हे डॉक्टरांना माहीत होतं, तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

माझा नंबर डॉक्टरांकडे आधीपासून होता. तो कुणाला द्यावा असं त्यांना वाटलं नाही. ही एवढीशी गोष्ट मी घरी नेली, जेवताना चघळली आणि सकाळी परत दुकानात आणली. तिच्याशी बोलणं मी कमी केलं. आधीच थोडं होतं, त्यामुळे तिच्या लक्षात आलं नसावं.

शनिवारी दुपारी काळ्या इंजिनाचं काम संपलं. टोकाला टोक लावून मीटर वाजतो हे तिने बघितलं, मग कार्बन आणि सांगाडा यांच्यात तो चार वेळा लावला. मीटर गप्प राहिला, म्हणजे काम चोख होतं. मग तिने डिकोडरच्या तारा जोडल्या. पुन्हा एकदा बघू म्हणून मीटर उचलला तर त्याचा सेल संपला होता. एसटीची वेळ झाली होती. जाताना तिने मला सांगितलं की उद्या डॉक्टरांकडे येताना सेल आण, मी तिथेच एकदा बघीन आणि मग वरचं झाकण लावीन.

“तू हात नको लावू, दादा,” असं म्हणाली आणि हसली. ती उडालेली स्प्रिंग तिच्या मनात असणार. चेष्टाच होती. मला ती झोंबली.

आम्हा रिवाइंडिंगवाल्यांची तपासायची एक जुनी रीत आहे. घरच्या विजेच्या एका तारेत बल्ब बसवायचा आणि दोन टोकं मोकळी ठेवायची. एक टोक वाइंडिंगला, दुसरं मोटरच्या बॉडीला. बल्ब पेटला तर मोटर बॉडीला लागलेली आहे, काम कच्चं. नाही पेटला तर गिऱ्हाइकाला बोलवा. ह्याला आम्ही सिरीज बल्ब म्हणतो. वडिलांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हेच. पंपाला ते चालतं, गिरणीला चालतं. डिकोडर हा बारा-पंधरा व्होल्टचा जीव, आणि सिरीज बल्बाच्या टोकांशी घरची दोनशे तीसची वीज असते.

मी ती दोन टोकं काळ्या इंजिनाला लावली.

डॉक्टरांना पुढे मी सांगितलं की सवयीने हात गेला. हात सवयीने गेला हे खरंच आहे. पण त्याआधी मी दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून घेतला होता, आणि पंप तपासताना मी दरवाजा कधी ओढत नाही. बल्ब पेटावा असं मला वाटत होतं. तिचं काम कच्चं निघावं, रविवारी सकाळी मी ते दाखवावं, आणि तिने म्हणावं, दादा, बरं झालं तू बघितलंस.

बल्ब पेटला. एक क्षण मला बरं वाटलं. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही आणि तिलाही नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

मग वास आला. डिकोडरमधून धुराची एक रेघ निघाली, आणि तोवर मला कळलं होतं की बल्ब का पेटला. वीज डिकोडरच फोडून पलीकडे गेली होती. तिच्या कागदाच्या चकतीला काही झालं नव्हतं. मोटरच्या फिरत्या गाभ्यावरचं, आर्मेचरवरचं, जुनं वार्निश मात्र फाटलं होतं आणि तार काळी पडली होती. मी इंजिनावर झाकण ठेवलं, चारही स्क्रू बसवले, दरवाजा पूर्ण उघडला आणि एका गिऱ्हाइकाला मिक्सरचं भांडं दिलं.

रविवारी ती सकाळी थेट डॉक्टरांकडे पोचली. मी इंजिन घेऊन गेलो. झाकण तूच लावलंस का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, उशीर नको म्हणून लावलं. सेल आणलास का, म्हणाली. मी आणला नव्हता. पाहुणे येऊन बसले होते. डॉक्टरांनी इंजिन स्वतःच्या हाताने रुळावर ठेवलं, हाताखाली हात धरून, आणि नंबर दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. एका पाहुण्याने इंजिन उचलून नाकाला लावलं आणि म्हणाला, गेलं हे.

त्यांनी तिथेच ते उघडलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, जोडायच्या आधी तपासलं होतंस ना. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

“मी तपासला ता. चार वेळा,” ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं.

सगळेच माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “घाईत राहिलं असेल. गाडी पकडायची होती तिला.”

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. पण ते किती नीट बांधलेलं होतं बघा. त्यात मी तिला खोटंही म्हटलं नाही. जरा समजूतदारपणाच वाटावा असं ते वाक्य होतं. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, अहो, हे घड्याळजीचं काम आहे, बाईमाणसाला वेठीला कशाला धरता. दुसरा म्हणाला, सावकाश शिकेल. डॉक्टरांनी इंजिन परत डब्यात ठेवलं. उरलेली इंजिनं तशीच राहू दे, एवढं मग म्हणाले आणि खुर्चीत बसले. चहा आला, तो तिच्यापर्यंत पोचला नाही.

ओट्यावर ती चपला घालत होती. म्हणाली, “दादा, तुला म्हायत आहे ना, मी तपासला ता?”

“असेल गं. होतं असं कधी कधी.”

ती सोमवारी आली नाही. दिवाळी झाली. डॉक्टरांकडे स्वयंपाकाला येणारी बाई तिच्याच बाजूची आहे. त्या बाईकडून मला कळलं की ती नवऱ्यासोबत भिवंडीकडे भट्टीवर गेली, धाकटीला सोबत घेऊन. आणि हेही कळलं की पाड्यावर तिला आता नाव पडलं आहे. डॉक्टरचा इंजिन जाळणारी. ज्या डॉक्टरने त्यांच्या पोरांना सुया टोचल्या, साप चावलेली माणसं वाचवली, त्याचा. ती बाई हे हसत सांगत होती. मी तिला रिवाइंड केलेला मिक्सर दिला आणि पैसे मोजून घेतले.

त्यानंतर मी ते आर्मेचर डॉक्टरांकडून मागून आणलं. दुरुस्त करून बघतो म्हणालो. मला वाटलं होतं, इंजिन चालतं केलं की बाकीचं आपोआप मिटेल. तार बोटांत तुटत होती. एक पदर गुंडाळून व्हायचा, दुसऱ्याला तुटायची. भिंग लावून बघितलं, बोटांना पावडर लावून बघितली. तिच्या टेबलाशी बसून केलं तर जमेल म्हणून तिथे बसलो. पस्तीस वर्षं ज्या कामावर जगलो ते मला येत नाही हे त्या टेबलावर मला कळत गेलं. बायको विचारायची, जेवत का नाहीस. मी म्हणायचो, ॲसिडिटी. रस्त्याने बिऱ्हाडं भरलेला टेम्पो गेला की मी खाली बघायचो.

माघात डॉक्टरांचा मुलगा येऊन त्यांना पुण्याला न्यायचं ठरवून गेला. हे ऐकलं त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. मागच्या खोलीत टेबलावर चादर घातली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सिरीज बल्ब, झाकण, ते वाक्य. बल्ब पेटावा असं वाटलं आणि पेटल्यावर बरं वाटलं, ते सोडून सगळं.

डॉक्टरांनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. मग म्हणाले, “मला सांगून माझं काय होणार? इंजिन गेलं ते गेलं. मी तिला त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही. आता मी काय करू ते सांगा.”

मग त्यांनी फोन काढला आणि तिन्ही मित्रांना एकेक करून लावला. प्रत्येक वेळी फोन माझ्या हातात दिला. बोला, म्हणाले. नाशिकच्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि अच्छा अच्छा म्हणाले, मग जव्हारला थंडी कशी आहे ते विचारलं. दुसऱ्यांना नीट ऐकू येत नव्हतं, त्यांना मला तीनदा मोठ्याने सांगावं लागलं, “मी जाळलं. मी. हो, मीच.” तिसरे म्हणाले, कोण बाई?

तिच्यासाठी कपाटं उघडणार होती ती हीच माणसं. एकाने तर आपली सगळी इंजिनं एवढ्यात विकूनही टाकली होती.

पुढच्या सोमवारी दुकान बंद ठेवून मी भिवंडीकडे गेलो. तीन भट्ट्या फिरल्यावर ती सापडली. साच्यात चिखल भरत होती. धाकटी कच्च्या विटांच्या रांगेच्या टोकाला बसली होती. मला बघूनही ती साच्यापासून उठली नाही. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. मी सांगत होतो तोवर तिने तीन विटा पाडल्या.

“म्हायत होता,” ती म्हणाली. “रुळाच्या करंटनं असा डाग पडत नाय.”

मग तू बोलली का नाहीस, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. तिने साचा धुतला आणि म्हणाली, तुझ्या बोलण्यावर माझा बोलणा कोण धरणार होता? मी सांगितलं की डॉक्टरांना बोललो आहे, त्या तिघांनाही फोनवर बोललो आहे, सगळ्यांना कळलं आहे.

“मी होती का तिथं?”

तिने साचा पालथा घातला.

“मना जाळणारी म्हणतात ते पाड्यावर म्हणतात. तुझ्या फोनवर नाय. होळीला आम्ही घरी असू. तिथं येऊन सांग, माझ्या पुढ्यात.”

मुकादम बघत होता. ती पुढच्या विटेला लागली. तिच्या बोटांची टोकं मातीने आणि राखेने फाटली होती, काही ठिकाणी कातडी अशी जाड झाली होती की त्यावर चिखलाचा थर आहे की कातडीच, ते मला कळेना. मी परत येताना माझ्या बोटांकडे बघत बसलो. ती मऊ होती.

होळीनंतर चार दिवसांनी मी सूर्यमाळला गेलो. तिच्या घरासमोर दहा-पंधरा माणसं जमली होती. मी येणार हे तिने सांगितलेलं असावं, कारण कुणी कशाला आलास असं विचारलं नाही. बसायला खाट टाकली, मी बसलो नाही. डॉक्टरांकडे स्वयंपाक करणारी बाईही सणाला आली होती आणि पुढेच उभी होती. मी जे फोनवर बोललो होतो तेच बोललो, फक्त इथे मला सगळं सोपं करून सांगावं लागलं. घरचा करंट कुठे द्यायचा नाही तिथे मी दिला. इंजिन मी जाळलं. तिचं काम बरोबर होतं. मला माहीत असून मी तिच्यावर ढकललं.

मागे दोन बाया कुजबुजल्या आणि एक हसली. तिचा नवरा जमिनीकडे बघत होता. मग पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने तंबाखू थुंकली आणि अगदी साधेपणाने, जसं हवापाणी विचारावं तसं विचारलं, “इंजिन तू जाळलास, ना भट्टीवर ती गेली. असा कसा?”

म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान वळवली.

माणसं पांगल्यावर मी तिला म्हणालो की दुकानात परत ये, जे काम असेल ते तूच कर, मी हाताखाली बसेन. डॉक्टरांनी पुण्याला जाताना उरलेली आठ इंजिनं आणि डिकोडर एका खोक्यात माझ्याकडे ठेवले आहेत, ती म्हणेल तर करायची, नाही म्हणेल तर तशीच राहू द्यायची, असं सांगून, तेही मी तिला सांगितलं. तिने अंगठा बोटांच्या टोकांवरून फिरवला, एकेका टोकावरून, मोजल्यासारखा.

“तार आता बोटाला कळत नाय,” ती म्हणाली. “पावसापतूर बघू. कळाय लागली तर खोका इथं आणून दे. तुझ्या दुकानात मी येणार नाय.”

आता वैशाख आहे. खोका माझ्या टेबलाखाली आहे. परवा तिच्या बाजूचा एक माणूस पंप घेऊन आला होता, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, हात तसेच आहेत, आणि मुकादम पुढच्या सालासाठी पाड्यावर येऊन गेला.